छोट्या ड्रायव्हर-फिक्सचा रिव्ह्यू: बिल्ड झालं, बोर्ड चालला, एवढ्यावर टॅग द्यायचा का?

शिरोली_नाका:
आमच्याकडे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्टीसाठी कंट्रोलर बनतात. त्यातल्या एसओसीच्या (अख्खा संगणक एका चिपमध्ये) एडीसीचा (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग) ड्रायव्हर मेनलाइन (मूळ, अधिकृत) लिनक्समध्ये आहे आणि त्याला कुणीतरी दोन पॅच (कोडमधले बदल) पाठवलेत. पहिल्यात प्रोबमधल्या (ड्रायव्हर जोडताना चालणारं फंक्शन) सीएलके_प्रिपेअर_एनेबलचा, म्हणजे क्लॉक चालू करणाऱ्या कॉलचा, रिटर्न तपासलाय आणि चुकलं तर सरळ 'रिटर्न रेट' (रेट म्हणजे एररचा आकडा धरणारं व्हेरिएबल). दुसऱ्यात इंटरप्ट मागणाऱ्या रिक्वेस्ट_आयआरक्यूचं डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू केलंय (डेव्हएम म्हणजे घेतलेली गोष्ट कर्नल आपोआप सोडतो) आणि रिमूव्हमधलं (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) फ्री_आयआरक्यू काढलंय. मेंटेनरनं (तो कोड सांभाळणाऱ्यानं) हार्डवेअर असणाऱ्यांना बघायला सांगितलंय. चेकपॅच (कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) स्वच्छ आहे, मोड्यूल लोड होतंय, रीडिंग बरोबर येतंय. एवढ्यावर 'रिव्ह्यूड-बाय' (पॅच वाचला, पटला असा टॅग) देऊ का? दोन्ही मिळून पंधरा ओळीसुद्धा नाहीत.

उद्यमनगरकर:
देऊ नका. पंधरा ओळींचा पॅच पंधरा ओळींत वाचून होत नाही. डिफ (पॅचमधला जुन्या-नव्या ओळींचा फरक) बदलाच्या वर-खाली तीनच ओळी दाखवतो आणि अशा पॅचमधली चूक बहुतेक वेळा त्या तीन ओळींच्या पलीकडे असते. बी४ शझॅमनं (मेलिंग लिस्टवरचे पॅच उतरवून लावणारी कमांड) पॅच आपल्या ट्रीवर घ्या आणि गिट शो मोठ्या डब्ल्यूनं (-W) चालवा, म्हणजे अख्खं फंक्शन समोर येतं. शेजारी रिमूव्ह उघडून ठेवा.

पहिला पॅच. प्रोबमध्ये क्लॉकच्या आधी काय काय चालू केलंय ते वरून खाली कागदावर लिहून काढा. रेग्युलेटर_एनेबल (व्होल्टेजचा पुरवठा चालू करणारा कॉल) आधी झालं असेल तर मधूनच 'रिटर्न रेट' केल्यावर तो रेग्युलेटर बंद कोण करणार? तिथे गोटू (फंक्शनच्या शेवटच्या आवराआवरीकडे उडी) हवा, आणि तोही बरोबर लेबलवर. एक लेबल वर गेलात तर चालू न झालेला क्लॉक बंद करायला जाल, एक खाली गेलात तर रेग्युलेटर तसाच राहील. बग बुजवताना दुसरा उघडायचा, हा या जातीच्या पॅचचा नेहमीचा आजार.

दुसरा पॅच जास्त घातक आहे, आणि तो दिसायला साफसफाईचा आहे म्हणूनच. ड्रायव्हर काढताना कर्नल आधी रिमूव्ह पूर्ण चालवतो, डेव्हएमनं घेतलेल्या गोष्टी त्यानंतर उलट क्रमानं सुटतात. म्हणजे तुमच्या रिमूव्हमध्ये क्लॉक बंद होतो, पण इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरची हाक आली की चालणारं फंक्शन) अजून जिवंत असतो. त्या फटीत इंटरप्ट आला की हँडलर क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचायला जातो. काही एसओसींवर बसच (चिपमधला डेटाचा रस्ता) अडकते आणि बोर्ड गप्प होतो, काहींवर एक्स्टर्नल अबॉर्ट (बसकडून आलेली एरर) येतो. जुन्या कोडमध्ये फ्री_आयआरक्यू क्लॉकच्या आधी असेल तर तोच बरोबर होता. शिवाय फ्री_आयआरक्यू चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतो, तीही हमी या पॅचनं रिमूव्हच्या पुढे ढकलली.

एक हाताने सोडायची गोष्ट आली की तिच्या पुढचं सगळं हातानेच सोडायचं. मध्येच डेव्हएम घुसवलं की क्रम मोडलाच.

पंचगंगा_पोर्ट:
वरचं सगळं बरोबर. भावा, "रीडिंग येतंय" यानं दोन्हीपैकी एकाही पॅचची चाचणी होत नाही. चांगल्या बोर्डवर क्लॉक चालू होतोच, त्यामुळे पहिल्या पॅचची नवी ओळ कधी चालतच नाही. तात्पुरतं त्या कॉलच्या जागी रेट = -ईआयओ (मुद्दाम घातलेली एरर) टाकून मोड्यूल बांध आणि लोड कर. रेग्युलेटर चालूच सोडला असेल तर तो परत करताना कर्नल डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) वॉर्निंग ओकतो.

दुसऱ्यासाठी सिसएफएसमधून (कर्नलशी बोलायच्या फाइली) अनबाइंड-बाइंडचा, म्हणजे ड्रायव्हर सोडण्या-जोडण्याचा, लूप लाव, कन्व्हर्जन चालू असताना, शंभरेक फेऱ्या. आधी आणि नंतर डीबगएफएसमधली (डीबगिंगसाठीच्या तशाच फाइली) क्लॉक समरी बघ. एनेबल काउंट वाढत गेला तर कुठेतरी बंद करायचं राहतंय. 'अनबॅलन्स्ड पीएम_रनटाइम_एनेबल' दिसलं तर रिमूव्हमध्ये रनटाइम पॉवर मॅनेजमेंटचं डिसेबल नाही.

क्लॉक बंद आणि हँडलर जिवंत ही फट मात्र इतकी बारीक की लूपमध्ये सापडेलच असं नाही. कॉन्फिगमध्ये डीबग_शेअर्ड_आयआरक्यू चालू कर. त्यात हँडलर काढताना कर्नल मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो. फक्त शेअर्ड फ्लॅग (लाइन अनेक ड्रायव्हर वाटून घेतात अशी खूण) असलेल्या लायनीवरच. तुझ्या ड्रायव्हरमध्ये तो नसेल तर चाचणीपुरता घाल, आणि हँडलर रजिस्टर खरंच वाचतो ना ते बघ.

(आयटूसी बसवरचा वेगळा सेन्सर असता तर खोटी चिप उभी करणाऱ्या आयटूसी-स्टब मोड्यूलवर बोर्डाशिवायही बरंच तपासता आलं असतं. एसओसीच्या पोटातल्या एडीसीला त्याचा उपयोग शून्य.)

शिरोली_नाका:
बघितलं. रेग्युलेटर क्लॉकच्या आधीच चालू होतो आणि -ईआयओ टाकल्यावर वॉर्निंग आली. रिमूव्हमध्येही फ्री_आयआरक्यू आधी, क्लॉक नंतर असा क्रम होता. आता दोन शंका. पहिल्या पॅचच्या 'फिक्सेस' टॅगमध्ये (बग कोणत्या कमिटनं आणला ते सांगणारी ओळ) जो कमिट दिलाय त्यात तर नुसतं व्हेरिएबलचं नाव बदललंय. आणि दुसरा पॅच सगळंच डेव्हएमवर नेऊन दुरुस्त करायला सांगू का?

पेठेतला_पेंग्विन:
टॅग चुकलाय. गिट ब्लेम त्या ओळीला शेवटचा हात कुणी लावला ते सांगतं, बग कुणी आणला ते नाही. गिट लॉगला मोठा एस (-S) देऊन फंक्शनचं नाव शोधा आणि तो कॉल पहिल्यांदा आला त्या कमिटपर्यंत जा. बऱ्याचदा तो ड्रायव्हरचा पहिलाच कमिट निघतो. टॅगमध्ये हॅशची (कमिटच्या ओळख-क्रमांकाची) किमान १२ अक्षरं आणि पूर्ण शीर्षक, एकाच ओळीत, न मोडता. हा शिष्टाचार नाही. स्टेबलवाले (आधी निघालेल्या कर्नल शाखा सांभाळणारे) कोणत्या जुन्या शाखेत फिक्स न्यायचा ते यावरूनच ठरवतात. नुसता 'फिक्सेस' असला म्हणून पॅच तिकडे जाईलच असं नाही, हवा असेल तर स्टेबलची सीसी ओळ वेगळी लागते.

सगळं डेव्हएम करा असं याच पॅचमध्ये सांगू नका. फिक्स वेगळा, साफसफाई वेगळी. पहिला पॅच गोटूसह जुन्या कर्नलवर सहज बसेल. डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्ड (क्लॉक घेऊन चालू करणारं डेव्हएम फंक्शन) २०२२ मध्ये आलं, त्यावर फिक्स बांधला तर जुन्या शाखांसाठी उगाच एक गाठ वाढते.

उद्यमनगरकर:
सहमत, पण पूर्ण रूपांतर चांगलंच आहे, मालिकेत शेवटी येऊ दे. रेग्युलेटर, क्लॉक, इंटरप्ट तिन्ही त्याच क्रमानं डेव्हएमवर गेले तर उलट क्रम आपोआप बरोबर लागतो. क्लॉकसाठी ते नवं फंक्शन नको असेल तर डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेट आहे, त्यानं आपलं बंद करायचं फंक्शन डेव्हएमच्या यादीत घालता येतं. अर्धवट रूपांतराला मात्र स्पष्ट नकार द्या.

पेठेतला_पेंग्विन:
मेलिंग लिस्टवर उत्तर देताना: साधा टेक्स्ट, एचटीएमएल नको, लेखकाच्या त्या-त्या ओळीखाली आपलं म्हणणं, बाकीचं कापून टाका. ऑफिसच्या मेलखाली गोपनीयतेची सूचना आपोआप चिकटत असेल तर दुसऱ्या पत्त्यावरून पाठवा. "चुकलंय" एवढंच लिहू नका. "-ईआयओ टाकून बघितलं, रेग्युलेटर चालू राहतो, ही वॉर्निंग" असं लिहा आणि डीमेसेजच्या चार ओळी जोडा. मग व्ही२ला (पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीला) वाद उरत नाही.

व्ही२ आल्यावर जुन्या-नव्याचा गिट रेंज-डिफ (दोन आवृत्त्यांमधला फरक) काढा. पहिला पॅच गोटूसह आला आणि तुम्ही पुन्हा -ईआयओ घालून बघितलं तर 'टेस्टेड-बाय' (चालवून तपासलं असा टॅग) आणि 'रिव्ह्यूड-बाय' दोन्ही द्या, आणि कोणत्या बोर्डवर, काय केलं ते एका ओळीत टाका. दुसऱ्यावर टॅग नको, फक्त क्रमाची हरकत लिहा.