मदत हवी आहे: सिकलसेल हिमोग्लोबिनमधला व्हॅलीन ६ चा कॉन्टॅक्ट यादीत नीट येत नाही

वैनगंगाकाठ:

नमस्कार मंडळी,

मी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सिकलसेलचं हिमोग्लोबिन मी स्वतः मागून घेतलं. आमच्या गडचिरोलीकडे हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्या मामेबहिणीचा रिपोर्ट ‘एसएस पॅटर्न’ (म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक, प्रत्यक्ष आजार) आला तेव्हा मी नववीत होते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी एकच बदलतं आणि अख्खी तांबडी पेशी विळ्यासारखी होते, हे कसं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे.

पुस्तकात उत्तर दोन ओळींत मिळतं. सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलीन येतं, आणि ते फिनाइलअ‍ॅलनीन ८५ व ल्युसीन ८८ यांच्यामधल्या खिशात जाऊन बसतं. मला हे रचनेतून, अणूंची अंतरं मोजून दाखवायचं आहे. बायोपायथॉनमध्ये (पायथॉनच्या जीवशास्त्रासाठीच्या संचात) छोटा प्रोग्रॅम लिहिलाय: दोन रेसिड्यूंमधले (रेसिड्यू म्हणजे साखळीतलं एकेक अमिनो आम्ल) कोणतेही दोन अणू ४.५ अँगस्ट्रॉमच्या (अणूंची अंतरं मोजायचं एकक) आत आले की कॉन्टॅक्ट धरायचा.

आता अडचण सांगते. आधी पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या साठ्यातली ४एचएचबी ही फाइल घेतली, कारण १.७४ अँगस्ट्रॉमची म्हणजे चांगली बारीक रचना आहे. ती निरोगी हिमोग्लोबिनची असल्यामुळे कायमेराएक्स या रचना बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सहाव्या जागी व्हॅलीन बसवलं. त्याचे कॉन्टॅक्ट फक्त आजूबाजूच्या घरच्याच रेसिड्यूंशी आले. ८५ आणि ८८ चा पत्ताच नाही. मग अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमनं भाकीत केलेलं बीटा साखळीचं मॉडेल उघडलं, तर तिथे सहाव्या जागी चक्क प्रोलीन!

शेवटी २एचबीएस ही खऱ्या सिकल हिमोग्लोबिनची फाइल घेतली. आता ६–८५ जोडी आली, पण फाइलमध्ये आठ साखळ्या आहेत आणि ही जोडी कुठल्या दोन साखळ्यांमधली हे माझ्या यादीतून कळत नाही. साखळीचं अक्षर हातानं तपासलं तर चार व्हॅलीनपैकी एकच खिशात दिसतं. बाकीची तीन माझ्या प्रोग्रॅमनं गाळली का? गाइड विचारतात की ४.५ च का घेतलं, ८ का नाही. त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही. तीन आठवड्यांत प्रबंध द्यायचाय. कृपया कुणीतरी वाट दाखवा.

स्फटिकघर:

ताई, घाबरू नका. तुमच्या तिन्ही फाइलींनी तुम्हाला खरंच सांगितलंय, फक्त प्रत्येकीचं म्हणणं वेगळं आहे.

४एचएचबी पासून सुरू करू. व्हॅलीन ६ आणि खिसा हे एकाच रेणूत एकमेकांना भेटत नाहीत. हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या. ऑक्सिजन सोडल्यावर एका रेणूच्या बीटावरचं व्हॅलीन शेजारच्या दुसऱ्या रेणूच्या बीटावरच्या खिशात जातं. असे रेणू एकाला एक चिकटत दोरखंड तयार होतात आणि तेच पेशीला ताणून वाकवतात. ४एचएचबीच्या फाइलमध्ये रेणूच एक आहे, मग तिथे शेजारी कुठून सापडणार? खिसा मात्र तिथेही आहे, हे लक्षात ठेवा. ८५ आणि ८८ निरोगी बीटातही तेच असतात. फक्त त्यात शिरायला व्हॅलीन नसतं, आणि ग्लुटामेटचा ऋण भार त्या तेलकट जागेत जाऊ शकत नाही.

प्रोलीनचं कोडं मोजणीचं आहे. युनिप्रॉट (प्रथिनांच्या क्रमांचा साठा) आणि अल्फाफोल्ड सुरुवातीचं मेथिओनीन धरून मोजतात. ते पेशीतच कापलं जातं, म्हणून रुग्णाच्या रक्तातल्या साखळीत पहिलं व्हॅलीन असतं. त्यामुळे जुन्या मोजणीतलं ६ तिथे ७ होतं, ८५ चं ८६ आणि ८८ चं ८९. प्रबंधात पहिल्याच पानावर लिहा की तुम्ही कुठली मोजणी धरली आहे. यावरून तोंडी परीक्षेत लोक अडकलेले मी पाहिले आहेत.

आता २एचबीएस. ए ते डी हा एक रेणू, ई ते एच हा दुसरा. अल्फा साखळ्या ए, सी, ई, जी. बीटा बी, डी, एफ, एच. तुम्ही प्रोग्रॅममधल्या डिक्शनरीत (प्रत्येक नोंद एका किल्लीखाली ठेवणारी यादी) किल्ली म्हणून नुसता रेसिड्यूचा आकडा वापरला असणार, त्यामुळे सगळ्या साखळ्यांचे ‘६’ एका खात्यात जमा झाले. त्यात अल्फाचा ६ वा, म्हणजे अ‍ॅस्पार्टेटसुद्धा मिसळला. किल्लीत साखळीचं अक्षर घाला.

आणि चारपैकी एकच का? दुहेरी दोरीत प्रत्येक रेणूच्या दोन व्हॅलीनपैकी एकच खिशात जातं, दुसरं या जोडात भाग घेत नाही. म्हणजे दोन रेणूंची मिळून दोन हवीत. दोरीतले दोन पदर एकमेकांच्या तुलनेत अर्ध्या पायरीनं सरकलेले आहेत. पहिला रेणू दुसऱ्यात व्हॅलीन घालतो, दुसरा मात्र पहिल्याच्या पुढच्या प्रतीत घालतो. ती प्रत तुमच्या फाइलमध्ये नाही, स्फटिकाच्या सममितीतून ती उभी करावी लागते. पायमॉल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सिमएक्स्प, कायमेराएक्समध्ये क्रिस्टलकॉन्टॅक्ट्स ही आज्ञा वापरून बघा. शेजाऱ्यांना दूर ठेवून केलेली कॉन्टॅक्टची यादी अर्धीच असते. तुमच्या विषयात तर नेमकी महत्त्वाची अर्धी राहून जाते.

त्रिमिती:

४.५ की ८ या वादावर लिहितो.

८ अँगस्ट्रॉम हा आकडा बहुतेक दोन सीबीटा अणूंमधल्या (सीबीटा म्हणजे बाजूसाखळीचा, अमिनो आम्लाच्या बाजूला निघणाऱ्या फांदीचा, पहिला कार्बन) अंतरासाठी वापरतात. ग्लायसीनला सीबीटा नसतो, तिथे सीअल्फा, म्हणजे ती फांदी जिथून निघते तो कार्बन, घेतात. प्रथिनाची घडी कशी आहे, कुठला भाग कुठल्या भागाजवळ येतो, हे नकाशावर बघायला तो चांगला. पण दोन बाजूसाखळ्या खरोखर टेकल्या आहेत का, हे त्यातून कळत नाही. सीबीटा जवळ असूनही बाजूसाखळ्या विरुद्ध दिशांना तोंड करून असू शकतात. तुमचा प्रश्न टेकण्याचा आहे, त्यामुळे हायड्रोजन सोडून बाकी सर्व अणूंमधलं कमीत कमी अंतर हेच योग्य. दोन कार्बन एकमेकांना भिडले की ३.४ च्या आसपास असतात. शिवाय २.०५ अँगस्ट्रॉमच्या या फाइलीतून हायड्रोजनच्या जागा कळत नाहीत, त्यांच्यासाठी थोडी मोकळीक ठेवली की ४ ते ४.५ पर्यंत येतो. गाइडना हेच सांगा.

मात्र एका आकड्यावर विसंबू नका. तीच यादी ४, ४.५ आणि ५ वर तीनदा काढा. तिन्हीत टिकणाऱ्या जोड्या ठामपणे मांडा. ४.४९ आलं म्हणून कॉन्टॅक्ट आणि ४.५१ आलं म्हणून नाही, असं म्हणण्याइतक्या अचूक या अणूंच्या जागा नसतात.

एक सापळा मीही एकदा अनुभवलाय. साखळीतले लगतचे रेसिड्यू वगळायला आपण ‘आकड्यांतला फरक ३ पेक्षा जास्त’ अशी अट घालतो. ती फक्त एकाच साखळीच्या आत लावायची. दोन साखळ्यांमध्ये लावली तर एकीचा ८५ आणि दुसरीचा ८७ यांचा खरा कॉन्टॅक्टही उडून जाईल. पाण्याचे रेणू आणि हीम (ऑक्सिजन धरणारा लोहाचा गट) हेही आधी वेगळे काढा, नाहीतर यादी त्यांच्याच नावांनी भरते.

हायड्रोजन बंध वेगळ्या रकान्यात ठेवा, त्यांना ३.५ चं अंतर लावा. याच जोडात एका बीटाचं थ्रिओनीन ४ शेजारच्या रेणूतल्या बीटाच्या अ‍ॅस्पार्टेट ७३ ला बांधलं जातं. तुमच्या यादीत ते आलं तर समजा प्रोग्रॅम बरोबर चाललाय.

लालपेशी:

मी संगणकवाला नाही, रक्ताच्या आजारांच्या बाजूला काम करतो. ८५ आणि ८८ वरच थांबू नका. मधल्या ८७ कडे बघा. बीटात तिथे थ्रिओनीन आहे. गर्भातल्या हिमोग्लोबिनच्या गॅमा साखळीत त्याच जागी ग्लुटामिन असतं आणि ते दोरखंड जुळू देत नाही. ज्यांच्या रक्तात हे हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यांचा त्रास बहुधा सौम्य असतो. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा एक मोठा उपयोग हे प्रमाण वाढवण्याचाच. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका जनुकोपचारात बीटाच्या ८७ व्या जागी मुद्दाम ग्लुटामिन घातलेलं आहे. तुमच्या यादीतल्या एका ओळीला केवढा अर्थ आहे बघा. दवाखान्यात रोज एसएसची मुलं बघतो, म्हणून राहवलं नाही.

वैनगंगाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते.

किल्लीत साखळीचं अक्षर घातल्यावर अल्फाचा अ‍ॅस्पार्टेट वेगळा झाला. शेजारच्या प्रती उभ्या केल्या आणि दुसऱ्या रेणूचं व्हॅलीनही खिशात सापडलं. आधी एक होतं, आता दोन आहेत, आणि उरलेली दोन कुठे का दिसत नाहीत हेही आता सांगता येतं. थ्रिओनीन ४ – अ‍ॅस्पार्टेट ७३ सुद्धा मिळालं. यादी तीन अंतरांवर काढून तिन्हीचे रकाने शेजारी शेजारी ठेवलेत. मोजणीचा मुद्दा पहिल्या पानावर जाड अक्षरात लिहिलाय.

सकाळी बहिणीला फोनवर चित्र पाठवलं. तिनं विचारलं, “मग लहान बाळाला पहिले काही महिने त्रास का होत नाही?” लालपेशी सर, तुमच्यामुळे मी उत्तर देऊ शकले.

त्यावरूनच एक शेवटचं विचारते. गर्भातल्या हिमोग्लोबिनची १एफडीएच फाइल मिळाली आहे. तिची गॅमा साखळी २एचबीएसच्या खिशावाल्या बीटावर बसवून ग्लुटामिन ८७ शेजारच्या रेणूला कुठे आडवं येतं ते बघायचा विचार आहे. हे प्रकल्पात घालण्याइतकं भक्कम होईल का?

स्फटिकघर:

घाला, पण ‘अडथळा येऊ शकतो’ एवढंच म्हणा. बाजूसाखळी थोडी वळून जागा करून देऊ शकते, त्यामुळे एकावर एक ठेवून दिसणारी टक्कर हा पुरावा होत नाही. साखळ्या जुळवताना फक्त कण्याचे (बाजूसाखळ्या सोडून मुख्य साखळीचे) अणू घ्या, आणि ८७ च्या आसपासचा भाग त्यातून वगळा. जे तपासायचंय त्यावरच जुळवणी बेतली, असं मग कुणी म्हणणार नाही.