लाकडी मोर्स टेपर स्पिंडलमध्ये डुगडुगतो

प्रश्न
माझ्या लाकूडकामाच्या लेथच्या हेडस्टॉकला (लाकूड फिरवणाऱ्या टोकाला) 2 नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे ठराविक मापाचे निमुळते भोक, आहे. लहान डब्यांची झाकणे पकडण्यासाठी त्यात बसेल असा लाकडी चक करण्याचा मी तीनदा प्रयत्न केला. लोखंडी सेंटर (त्याच भोकात बसणारा टोकदार आधार) शेजारी ठेवून कातलेला टेपर डोळ्यांना हुबेहूब दिसतो, पण स्पिंडलमध्ये (हेडस्टॉकच्या फिरणाऱ्या पोकळ दांड्यात) ठोकून बसवल्यावर बाहेरचे टोक हलवले की तो किंचित डुगडुगतो आणि पटाशी टेकवताच जागच्या जागी घसरतो. चूक उताराची आहे की लाकडाची?

उत्तर 1
बहुधा उताराची. या टेपरचा व्यास दर 20 मिमी लांबीला जेमतेम 1 मिमीने कमी होतो, तोंडाशी 17.78 मिमी आणि तिथून 65 मिमी आत सुमारे 14.5 मिमी, एवढाच फरक असल्याने डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. रेषा लांबीच्या दिशेने असलेला, पूर्ण वाळलेला कठीण लाकडाचा तुकडा दोन सेंटरांमध्ये धरावा, 65 मिमी अंतरावर पार्टिंग टूलने (खाच पाडायच्या अरुंद पटाशीने) दोन खाचा घेऊन त्या कॅलिपरने वरील मापांपेक्षा केसभर जास्त ठेवाव्यात आणि मगच मधला भाग सरळ उतरवावा. बहुतेकांचा टेपर नेमका इथे बिघडतो, कारण मध्यभागी पोट राहते. स्टीलची पट्टी टेपरवर उभी धरून उजेडाकडे पाहिले की ते लगेच कळते.

नंतर टेपरवर मऊ पेन्सिलने तीन-चार उभ्या रेघा ओढाव्यात आणि लेथची वीज काढून, तो स्पिंडलमध्ये दाबून हाताने पाव फेरा फिरवावा. रेघ जिथे पुसटते तिथेच लाकूड टेकते. फक्त तोंडाशी पुसटली तर जाड टोकाकडचे आणि फक्त आतल्या टोकाशी पुसटली तर बारीक टोकाकडचे लाकूड काढावे. त्यासाठी सपाट फळीवर चिकटवलेला पॉलिश पेपर वापरावा, बोटांनी धरलेला नव्हे, कारण बोटे कडा गोल करतात.

उत्तर 2
चकच्या खांद्याकडेही, म्हणजे टेपर संपून चक एकदम रुंद होतो त्या कडेकडेही, पाहावे. तो स्पिंडलच्या तोंडाला आधीच टेकत असेल, तर टेपर कितीही अचूक असला तरी पाचरीसारखा आवळला जात नाही. घासताना टेपर आणखी आत जातो, म्हणून सुरुवातीलाच खांदा चार-पाच मिमी मागे ठेवावा. शिवाय केवळ घर्षणावर धरलेला चक आडव्या दाबाने निसटू शकतो. त्यामुळे टेलस्टॉकचा (लेथच्या समोरच्या सरकत्या टोकाचा) आधार द्यावा, किंवा चकच्या मागच्या टोकात नट बसवून पोकळ स्पिंडलमधून आटे असलेला रॉड ओढून घ्यावा. मी स्वतः रॉडशिवाय काम करत नाही.

प्रश्नकर्ता
रेघा फक्त मध्यभागी, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात पुसटल्या. म्हणजे पोटच होते. ते उतरवल्यावर रेघा पूर्ण लांबीत पुसटल्या, डुगडुग थांबली आणि एक झाकण कातूनही झाले. रॉड अजून बसवलेला नाही, त्यामुळे टेलस्टॉक पुढे आणूनच काम केले.

उत्तर 2
उत्तम. काम संपल्यावर मात्र चक स्पिंडलमध्ये ठेवू नये. हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते आणि मग मागून रॉडने ठोकूनही ते सहजी सुटत नाही.