मदत हवी आहे : विंडोज ११ वर सॅन अँड्रियासमधलं स्किमर विमान गायब

नमस्कार मंडळी,

जीटीए सॅन अँड्रियास या गेमची जुनी पीसी आवृत्ती (२००५ ची, नव्याने केलेली डेफिनिटिव्ह एडिशन नव्हे) नव्या लॅपटॉपवर टाकली आहे. विंडोज ११, २४एच२ अपडेटसह. अडचणी दोन आहेत.

पाण्यावर उतरणारं स्किमर विमान कुठेच दिसत नाही. ट्रेनर (चीट वापरू देणारं सॉफ्टवेअर) वापरून मागवलं, तर गेमचा नायक सीजे आत बसताक्षणी आकाशात इतका वर फेकला जातो की खाली काही उरतच नाही. विंडोज १० च्या जुन्या मशीनवर मात्र तेच फोल्डर टाकलं की विमान जागेवर हजर.

दुसरं म्हणजे फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवायच्या याची मर्यादा) बंद केला की गेम मस्त पळतो, पण पोहताना सीजे पुढे सरकता सरकत नाही. चालू ठेवला तर सेकंदाला २५ फ्रेम, आणि १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर ते बघवत नाही.

ड्रायव्हर, कंपॅटिबिलिटी मोड, सगळं करून झालं. 'डेफिनिटिव्ह घे' एवढं सांगू नका. २०२१ मध्ये आली तेव्हा कंपनीने लांबचं झाकणारं धुकंच काढून टाकलं होतं आणि एवढा मोठा नकाशा गल्लीएवढा दिसायला लागला होता.

प्रतिसाद १

धुकं २०२४ च्या अपडेटमध्ये परत आलंय, पण ते असो. मुळात ते पीएस२ (प्लेस्टेशन २) च्या ३२ एमबी मेमरीत लांबचं काही दाखवता येत नव्हतं म्हणून होतं. सोय म्हणून केलं आणि शोभून गेलं!

स्किमरची गंमत अशी, की व्हाइस सिटी या आधीच्या भागात त्याची नोंद बोट म्हणून होती. बोटीला चाकं नसतात, त्यामुळे चाकांच्या मापाचे आकडेही नव्हते. सॅन अँड्रियासमध्ये ते विमान झालं, पण गाड्यांची माहिती असलेल्या vehicles.ide फाइलमधल्या त्याच्या ओळीत आकडे घालायचे राहून गेले. मग गेम काय करायचा, तर आधीच्या गाडीचे मेमरीत उरलेले आकडे वापरायचा. वीस वर्षं निभावलं. २४एच२ मध्ये विंडोजच्या आतलं काम बदललं, ती जागा पुसली जाऊ लागली आणि विमानाला भलतेच आकडे मिळाले. म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा दोष नाही. सायलेंटपॅच हा चाहत्याने बनवलेला पॅच टाका, त्यात हे दुरुस्त केलंय.

प्रतिसाद २

पोहण्याचं गणित फ्रेमना बांधलेलं आहे. गेममधला लिमिटर बंद करा आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमधून ३० ची मर्यादा घाला. ही खोड याच भागाची नाही. जीटीए ४ मध्ये फ्रेम जास्त झाल्या की शेवटच्या मिशनमध्ये नायक निको हेलिकॉप्टरवर चढूच शकत नाही. तिथेही तोच उपाय.

धागाकर्ता

दोघांचे आभार! स्किमर परत आलं, ३० वर सीजे पोहतोय. पण शहरात गाडी चालवताना ६० ठेवून फक्त पाण्यात ३० वर यायचं, असं एखाद्या कळीने करता येतं का? दर वेळी गेम बंद करून ड्रायव्हरमध्ये जायचा कंटाळा येतो.