मदत हवी आहे: घरातल्या रॅम्पसाठी आणि संडासासाठी पंचायतीचा ५ टक्के निधी मिळतो का? (खानापूर तालुका)

नमस्कार. आई-आप्पा खानापूर तालुक्यात गावी असतात, मी बेळगावात उद्यमबागेत कामाला. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर घर शाकारताना आप्पा वरून पडले. मणक्याला मार बसला, कमरेखाली ताकद राहिली नाही. व्हीलचेअर मिळाली, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचे कार्ड झाले, पेन्शनही सुरू आहे.

अडचण घराची आहे. जुने कौलारू घर, जोते दोन फूट उंच. तीन पायऱ्या चढून सोपा, माजघरात जाताना वीतभर उंबरा. संडास परसात, उकिडवे बसायचा, आणि त्याचे दार एवढे अरुंद की खुर्ची आत जातच नाही. सकाळी आई आणि शेजारचा मुलगा मिळून आप्पांना उचलून नेतात. आईची साठी उलटली आहे. तो मुलगा कॉलेजला गेला की दुपारी कुणाला हाक मारायची, म्हणून आप्पा पाणीच पीत नाहीत. डॉक्टरांनी तर भरपूर पाणी प्या म्हणून बजावले आहे, कारण मणक्याच्या रुग्णाला लघवीचा संसर्ग लवकर होतो. जन्मभर शेतात राबलेला माणूस तहान मारून बसलेला मला बघवत नाही.

माझी चुलत बहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा तिथल्या कौन्सिलची थेरपिस्ट घरी आली, मापे घेऊन गेली आणि न्हाणीघर बदलून मिळाले. तिकडे १९९६ च्या कायद्यात हे अनुदान आहे. इंग्लंडमध्ये ३० हजार पौंडांपर्यंत मिळते. मोठ्या माणसांच्या बाबतीत उत्पन्न बघतात, पण रीतसर अर्ज गेला की सहा महिन्यांच्या आत हो किंवा नाही कळवावेच लागते. ती विचारते, तुमच्याकडे असे काहीच नाही का?

शोधल्यावर कळले की कर्नाटकात ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. पंचायतीत विचारले तर तोंडी उत्तर मिळाले, "तो पैसा सार्वजनिक कामाचा, कुणाच्या घरात घालता येत नाही." हे खरे आहे का? कुणाला घरच्या कामासाठी मिळाला आहे का? घराचा उतारा आप्पा आणि काका दोघांच्या नावावर आहे, त्याने अडेल का? आणि अर्ज मराठीत दिला तर घेतील का? आमच्या घरात कन्नड लिहिणारे कुणी नाही.

प्रतिसाद १

मी निपाणीकडे दिव्यांगांच्या कामात आहे. तोंडी नकाराला काही किंमत नाही. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी नाही म्हणत असतील तर तेही लेखी मागा, आणि कोणत्या आदेशाप्रमाणे नाही, ते त्यात लिहायला सांगा.

त्याआधी तुमच्या पंचायतीचा व्हीआरडब्ल्यू म्हणजे गाव पुनर्वसन कार्यकर्ता गाठा. बहुतेकदा तो स्वतःच दिव्यांग असतो, त्यामुळे परसातल्या संडासाची गोष्ट त्याला समजावून सांगावी लागत नाही. तो नसेल तर तालुका पंचायतीत एमआरडब्ल्यू म्हणजे तालुका पातळीवरचे पुनर्वसन कार्यकर्ते असतात. पंचायतीची वर्षाची क्रियायोजना म्हणजे कामांची यादी ठरते तेव्हा आप्पांचे काम त्यात चढले पाहिजे, नाहीतर निधी असूनही यंदा काही होणार नाही. विकलचेतनांची (इकडे दिव्यांगांना हाच शब्द वापरतात) विशेष ग्रामसभा कधी आहे ते विचारा आणि आप्पांना खुर्चीवरून तिथे न्या. लोकांसमोर त्यांनी स्वतः मागितले की विषय टाळणे अवघड जाते.

तरीही हलले नाही तर माहितीचा अधिकार आहे. मागच्या दोन वर्षांत ५ टक्के निधी किती होता आणि कशावर खर्च झाला, एवढेच विचारा. आपल्या राज्यात हा अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पुढची पायरी जिल्हा विकलचेतन कल्याण अधिकारी, आणि त्यापुढे बेंगळुरूचे राज्य आयुक्त.

उताऱ्यासाठी काकांचे संमतीपत्र आधीच जोडा. स्वच्छ भारत योजनेच्या १२ हजारांच्या संडास अनुदानामागे मात्र वेळ घालवू नका, ते संडास नसलेल्या घरांसाठी आहे.

भाषेचे म्हणाल तर घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. मराठी अर्ज जरूर द्या. पण सोबत कन्नड प्रतही जोडा, गावातली हायस्कूलची मुले लिहून देतील. ठराव कन्नडमध्येच लिहिला जातो, आणि आप्पांचे काम भाषांतरासाठी पडून राहायला नको.

प्रतिसाद २

बांधकामातला आहे म्हणून लिहितो. रॅम्पचा उतार एकास बारा धरा. दोन फूट जोत्याला २४ फूट लांबी लागते. अंगण तेवढे नसेल तर मध्ये पाच फूट चौरस सपाट जागा ठेवून वळवून घ्या. घाईत केलेला आठ-दहा फुटांचा रॅम्प शाळांसमोर खूप दिसतो, त्यावरून खुर्ची एकट्याने चढवता येत नाही आणि उतरताना उलटते. खानापूरच्या पावसात सिमेंटवर शेवाळ धरते, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत न करता आडव्या खाचा पाडा. दोन्ही कडांना छोटा कठडा आणि धरायला पाइप हवा. संडासाचे दार तीन फूट, बाहेर उघडणारे. कमोडची बैठक १८ इंच उंच, म्हणजे खुर्चीवरून सरकता येते. हे सगळे कागदावर काढून अर्जाला जोडा, अंदाजपत्रक करणाऱ्याला मोडता घालायला जागा राहत नाही.

प्रतिसाद ३

मी नर्स आहे. निधी येईल तेव्हा येईल, आप्पांचे पाणी आजच सुरू करा. खाली भांडे असलेली कमोड खुर्ची घ्या, बेळगावात सर्जिकलच्या दुकानात मिळते. सोप्याच्या कोपऱ्यात पडदा लावून ठेवा. लघवीसाठी युरिनल भांडे त्यांच्या हाताशी राहू दे, त्याला कुणाची मदत लागत नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. कमोड खुर्ची या शनिवारी गावी घेऊन जातो. काकांशी बोलणे झाले, ते सही देणार आहेत. मापे मी स्वतः घेतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी, हुक्केरी, कुठल्याही पंचायतीने घरातल्या कामासाठी असा ठराव केला असेल तर नाव झाकून त्याची प्रत इथे टाका. आमच्या पीडीओंसमोर ठेवायला तीच सगळ्यात उपयोगी पडेल.