बहिणीला दोन ऑफर, सौदी आणि जर्मनी: पगार बघायचा की परवाना?

पूर्वभागातला (मूळ पोस्ट)
बहीण बीएस्सी नर्सिंग, सोलापुरातच एका खाजगी दवाखान्यात तीन वर्षं आयसीयूला. सौदीचं डेटाफ्लो (कागदपत्रांची पडताळणी), प्रोमेट्रिक (परवान्याची परीक्षा) सगळं उरकलंय, दोन वर्षांचा करार समोर आहे. जर्मनीचंही एका हॉस्पिटलकडून आलंय, पण जर्मन भाषेची बी-टू परीक्षा बाकी आणि पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत सहायकाचा पगार. वडिलांची उमर यंत्रमागावर गेली. ते म्हणतात, सौदीला जाऊ दे, दोन वर्षांत वरचा स्लॅब पडतो.

माझं मत जर्मनी. कारण पगार नाही, परवाना. सौदीत इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाच्या जिवावर चालतो. नोकरी सुटली की राहण्याचा हक्कही डळमळला. वीस वर्षं राहिली तरी पाहुणीच. जर्मनीत मान्यता मिळालेल्या नर्सला तीन वर्षांनी कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. भाषा बी-वन (बी-टूच्या खालची पायरी) हवी आणि पेन्शनचे 36 महिन्यांचे हप्ते भरलेले हवेत, या मुख्य अटी. मी कुठं चुकतोय सांगा.

रियाधरिटर्न
अकरा वर्षं काढली तिकडं, एसी टेक्निशियन म्हणून. सांगतो कुठं चुकतोयस. पाहुणी असण्यात वाईट काय बे? जावई पण पाहुणाच असतो, मान कमी होतो का त्याचा?

पगारावर इन्कम टॅक्स नाही. करार संपला की सर्व्हिसचा हिशेब मिळतो, पहिली पाच वर्षं वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढं पूर्ण महिन्याचा. पासपोर्ट मालकानं ठेवून घ्यायचा नाही असा कायदा आहे. 2021 पासून वर्षभर काम झालं की नोटीस देऊन, मालकाला न विचारता नोकरी बदलता येते. तू म्हणतोस ते जुनं सौदी. मला तिथं राहायचंच नव्हतं. विजापूर रोडला घर बांधायचं होतं, बांधलं.

बीटूवाली
मी पंढरपूरची, आता श्टुटगार्टजवळ नर्स. दादा, 2021 च्या सवलतीत घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर धरलेच नव्हते, तेही सांगा की. आणि नवरा, पोरं नेली तर माणशी महिन्याला 400 रियाल भरावे लागतात. चौघांच्या घरात तीन माणसांचे 1200. तुमचा टॅक्स नसलेला पगार तिथंच गळतो. इकडं नवऱ्याला वेगळा परवाना न काढता काम करता येतं.

पण मूळ पोस्टवाल्यालाही सांगते, इकडचं गोड चित्र काढू नकोस. मला आल्यावर मान्यतेच्या कार्यालयाचं पत्र आलं. त्यात यादी, कुठल्या विषयात किती तास कमी पडले. सगळ्यात मोठा खड्डा म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचा. मी पत्र हातात घेऊन हसले. आमच्या घरात आजीला पाच वर्षं आम्हीच उठवलं-बसवलं, त्याचे तास कुणी मोजणार? मग परीक्षा होईपर्यंत मदतनीस. ज्या बाईच्या हाताखाली होते तिचं शिक्षण माझ्यापेक्षा कमी. दहा महिने गिळलं ते.

रियाधरिटर्न
म्हणजे दहा महिने मदतनीस, वर भाषेची दोन वर्षं. तेवढ्यात इकडं स्लॅब पडून गिलावा झाला असता. आणि बांधलेपण तिकडं पण आहेच की! पहिली दोन वर्षं नोकरी बदलायची तर तिथल्या कार्यालयाची मंजुरी लागते. खरं का खोटं?

बीटूवाली
खरं. दोन वर्षं. मग सुटतं. तुमच्याकडं किती वर्षांनी सुटतं?

रियाधरिटर्न
प्रीमियम रेसिडेन्सी आहे की, मालकाशिवाय कायम राहायचा परवाना. 8 लाख रियाल एकदा भरायचे.

बीटूवाली
बरं. सोलापुरातल्या किती नर्सनी भरले?

होटगीरोडअण्णा
सगळे जाण्याचंच बोलताय. इकडच्या दवाखान्यांत रात्रपाळीला कोण राहणार? ह्याच गावचे डॉ. कोटणीस 1938 साली चीनला गेले ते इकामा-पेन्शन बघून गेले नव्हते, सेवेला गेले होते.

पूर्वभागातला
अण्णा, कोटणीस परत कुठं आले? तिकडंच लग्न केलं, तिकडंच 1942 ला गेले. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं. आणि रात्रपाळीचं म्हणाल तर बहिणीनं तीन वर्षं तीच केली. दवाखान्यानं पगार किती वाढवला विचारू नका.

होटगीरोडअण्णा
तो मुद्दा मान्य. बाकीचा नाही.

कागदवाला
भांडण नंतर करा, आधी दोन गोष्टी. सौदी त्या 18 देशांत येतो जिथं नर्सला पासपोर्ट ईसीएनआर (एरवी परदेशी नोकरीला सरकारी मंजुरी न लागणारा) असला तरी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून क्लिअरन्स लागतो, 2015 पासून. एजंट ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडं बघू’ म्हणाला तर उठून यायचं. दुसरं, नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. तुमच्याकडं किती मागितले?

पूर्वभागातला
दीड लाख. ‘मेडिकल, स्टँपिंग सगळं धरून’ म्हणाला. पन्नास हजार वडिलांनी दिलेत. मला कालच कळलं.

रियाधरिटर्न
पावती?

पूर्वभागातला
वहीच्या कागदावर. सही आहे, शिक्का नाही.

रियाधरिटर्न
थांब. करार काढ. ‘प्रोफेशन’ लिहिलेल्या रकान्यात काय आहे ते वाच. पगाराचा आकडा नको सांगू. इंग्रजी आणि अरबी दोन्ही बघ, अरबी कुणाकडून तरी वाचून घे. इकाम्यावर तेच उतरतं आणि तेच धरतात.

पूर्वभागातला
इंग्रजीत ‘स्टाफ नर्स’. अरबी आमच्या गल्लीतल्या मौलानांना दाखवलं. ते दोनदा वाचून म्हणाले, ह्यात सफाई कामगार लिहिलंय. एजंटला फोन केला तर म्हणतो, ‘टायपिंगची चूक आहे, तिकडं गेल्यावर बदलून देतो.’

रियाधरिटर्न
सही करायची नाही. पैसे मागून घे, वहीचा कागद सांभाळून ठेव, आणि पोलिसात जायची वेळ आली तर मला सांग, मी येतो बरोबर. माझं मत तेच आहे, सौदीच. पण दुसरं हॉस्पिटल, दुसरा माणूस.

बीटूवाली
बी-टूची परीक्षा कधी आहे तिची?

पूर्वभागातला
पुढच्या महिन्यात, पुण्याला. फी भरायची राहिलीय. तेच पन्नास हजार होते त्यासाठी.