झीब्रुगे बंदरात एक दिवस: ब्रूजला जहाजाच्या सहलीने जावं की आपलं आपण?

काठावरची

नमस्कार मंडळी. मे महिन्यात साउथॅम्प्टनहून सात रात्रींच्या क्रूझवर निघतोय. मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, उजवा गुडघा कुरकुरतो, उत्साह मात्र आमच्या दुप्पट). एक दिवस बेल्जियममधल्या झीब्रुगे बंदरात आहे. जहाज सकाळी ८ ला लागतं आणि ४:३० पर्यंत सगळ्यांनी परत चढायचं. तिथून जवळचं ब्रूज हे जुनं गाव बघायचंय हे नक्की.

जहाजाची सहल साडेचार तासांची आहे: बसने ने-आण, गाइडबरोबर पायी फेरफटका, मग दीड तास मोकळा. तिघांचे पैसे बघून नवरा म्हणाला, ट्रेनने जाऊ. सासूबाई म्हणाल्या, "आणि जहाज सुटलं म्हणजे?" दोघांच्या मधे मी. सहलीची बस थेट चौकात सोडते का? बोटीची फेरी आणि तो घंटांचा मनोरा, दोन्ही जमेल का? आणि शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय? शेंगेन आणि यूके, दोन्ही व्हिसा मल्टिपल एंट्रीचे आहेत, त्यामुळे त्याची काळजी नाही.

पायताण

ट्रेनच. काही अवघड नाही. आणि खाण्याची कसली चिंता, मनोऱ्याच्या पायथ्याशीच फ्राइजच्या टपऱ्या आहेत. पोटभर खा.

गाळमोजणी

दोनदा गेलोय, एकदा जहाजाच्या सहलीने आणि एकदा आमचे आम्ही. त्यामुळे दोन्हीकडून बोलतो.

आधी बसचं. ती चौकात सोडत नाही. पर्यटकांच्या मोठ्या बस गावाच्या दक्षिणेला, मिन्नेवॉटर तळ्याच्या बाजूला थांबतात. तिथून मार्क्ट, म्हणजे मुख्य चौक, वीसेक मिनिटं पायी, बराचसा दगडी फरसबंदीवरून. रेल्वे स्टेशनही त्याच अंगाला आणि जवळपास तेवढंच लांब. म्हणजे सहलीचे पैसे भरून चालणं काही वाचत नाही. उलट स्टेशनबाहेर गावात जाणाऱ्या सिटी बस आणि टॅक्सी मिळतात. गुडघ्याचा विचार केला तर ट्रेनचं पारडं जड.

बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, जहाजापासून गेटपर्यंत बसनेच जायचं. पुढे किनाऱ्याच्या ट्रामने ब्लांकेनबर्गे आणि तिथून ट्रेनने पाव तासात ब्रूज. ही ट्राम दे पानपासून क्नोक्केपर्यंत ६७ किलोमीटर जाते, म्हणजे जवळजवळ अख्खा बेल्जियमचा किनारा. स्टेशनच्या पाटीवर ब्रूज शोधू नका. ते फ्रेंच नाव. इथली भाषा डच, पाटीवर ब्रुग्गे असतं, आणि त्यातला 'ग' ते लोक घसा खाकरल्यासारखा म्हणतात.

आता माझ्या आवडीचा भाग, घाई असेल तर सोडून द्या. ब्रूज बघायला झीब्रुगेला का उतरायचं? नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, गाळ हा माझा जिव्हाळ्याचा विषय. ११३४ च्या वादळात समुद्र आत घुसला आणि झ्विन नावाची खाडी तयार झाली. तिच्या जिवावर गाव श्रीमंत झालं: इंग्लंडची लोकर, इटलीचे सावकार, सगळे इथे. युरोपात शेअर बाजाराला बूर्स म्हणतात, तो शब्दही इथल्याच व्हान देर बूर्झे घराण्याच्या खाणावळीवरून आला असं मानतात. मग खाडी गाळाने भरत गेली. १५०० च्या सुमारास मोठी गलबतं येईनाशी झाली आणि व्यापार अँटवर्पने नेला. गावात पैसाच उरला नाही, तर जुनं पाडून नवं बांधणार कोण? तुम्ही ज्याचे फोटो काढणार ते सगळं त्या गाळाने राखलंय. झीब्रुगे म्हणजे समुद्रावरचं ब्रूज. हे बंदर १९०७ साली सुरू झालं. आमच्या गाइडने हा सगळा इतिहास दोन मिनिटांत उरकला आणि चॉकलेटच्या दुकानात वीस मिनिटं उभं केलं. राग अजून आहे.

मनोरा ८३ मीटर उंच, पायऱ्या ३६६, लिफ्ट नाही, आणि वर जाल तसा जिना अरुंद. नवऱ्याला हौस असेल तर एकट्याला पाठवा. ४७ घंटांचा नाद चौकात बसूनही ऐकू येतो, फुकट.

बोट सोडू नका. गावातल्या कालव्यांतून अर्ध्या तासाची फेरी, बोट उघडी, पुलाखाली माना वाकवायच्या. सगळ्यात लांब रांग रोझेनहुडकाईच्या आसपास, कारण तुम्ही पाहिलेले सगळे फोटो तिथलेच. बोटीचे धक्के पाच आहेत आणि फेरी सगळीकडून साधारण तीच, तेव्हा रांग बघून धक्का निवडा.

सासूबाईंसाठी मात्र माझं मत बेगीनहोफला. तळ्याला लागूनच आहे, १२४५ ची स्थापना. पांढरी घरं, मधल्या हिरवळीवर उंच झाडं, शांतता पाळा अशी पाटी. बेगीन म्हणजे कायमची शपथ न घेता, लग्न न करता एकत्र राहणाऱ्या, आपलं पोट आपण भरणाऱ्या बायका. पुढे तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहू लागल्या. माझी बायको म्हणाली, "मला इथेच ठेवून जा." ती हसत नव्हती.

तिथून चौकाकडे जाताना ओन्झे लीव्ह व्हराउ चर्च लागतं. त्यात मायकेलअँजेलोची माता आणि बालक. तो हयात असताना इटलीबाहेर गेलेल्या त्याच्या मोजक्या शिल्पांपैकी हे एक, इथल्या कापडव्यापाऱ्यांनी विकत आणलेलं. एकदा फ्रेंचांनी पळवलं, परत आलं. १९४४ मध्ये जर्मनांनी पळवलं, ऑस्ट्रियात मिठाच्या खाणीत सापडलं, परत आलं. त्या भागाला तिकीट आहे. तुमचा दिवस रविवार असेल तर सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी सोडतात.

एवढं पुरे. यापेक्षा जास्त बघायला गेलात तर फक्त घड्याळ बघाल.

तुपाळ

पायताण, अहो जरा थांबा! बेल्जियममध्ये फ्राइज परंपरेने बैलाच्या चरबीत तळतात, तीही दोनदा. बऱ्याच ठिकाणी आता वनस्पती तेल वापरतात, पण सगळीकडे नाही. पैसे देण्याआधी "प्लांटार्दिख?" विचारा, म्हणजे वनस्पतीजन्य का. मान हलली तरच घ्या. वॅफलमध्ये अंडं असतं, ते चालत असेल तर प्रश्न मिटला. सुटी युरोची नाणीही ठेवा, स्वच्छतागृहात लागतात.

पायताण

बाप रे. मी तर दोन कोन खाल्ले होते. घरी सांगू नका.

काठावरची

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. बेगीनहोफ त्यांना पसंत आहे, ट्रेन निम्मी पसंत आहे. पण "जहाज सुटलं म्हणजे?" याचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणतात.

गाळमोजणी

बरोबर आहे त्यांचं. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. तुमची ट्रेन अडकली तर थांबत नाही, पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. म्हणून तिघांचे पासपोर्ट बरोबर घ्या, बंदराच्या एजंटचा नंबर जहाजाच्या रोजच्या पत्रकात असतो तो लिहून घ्या, आणि गेटवर तासभर आधी पोचायच्या हिशेबाने गाव सोडा.

आणि ४:३० म्हणजे कुणाचे, हे जहाजावर विचारून घ्या. बेल्जियम ब्रिटनच्या एक तास पुढे आहे. काही जहाजं घड्याळ बदलतात, काही ब्रिटिश वेळच ठेवतात. आमच्या दुसऱ्या खेपेला जहाजाने बदललं नव्हतं, पण फोनने आपण होऊन बदललं. आम्हालाही ४:३० चीच वेळ होती. फ्राइजच्या रांगेत पुढे दोनच माणसं उरलेली असताना मी फोन बघितला: ३:५०. बायकोचा हात धरला, रांग सोडली, तोंडाला येईल त्या भाड्याची टॅक्सी केली आणि ४:२५ ला धापा टाकत जहाजाच्या शिडीशी पोचलो. तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात ३:२५ झाले होते.

पुढचा तास डेकवर बसून काढला. बायको एक अक्षर बोलली नाही.