भावकी वाटेतच फुटली होती

टॉल्किनच्या कथांतल्या एल्फ नावाच्या लोकांमधली सगळी भांडणं फेआनोर या एल्फानं घडवलेल्या तीन रत्नांपायी झाली, असं म्हणतात. मला नाही पटत. रत्नं घडायच्या कितीतरी आधी, एल्फ समुद्रापार पश्चिमेला निघाले, त्या लांबच्या वाटेवरच भावकी फुटली होती. तेलेरी या एल्फ-कुळाचा जथा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत मागे. त्यांचा राजा एल्वे जंगलात मेलियन नावाच्या दिव्य स्त्रीला भेटला आणि हरवलाच. त्याला शोधत बरेच जण मागे राहिले, बाकीच्यांना घेऊन भाऊ ओल्वे समुद्रापार गेला.

पुढे फेआनोरच्या लोकांनी, म्हणजे नोल्दोर कुळातल्यांनी, जहाजांसाठी ओल्वेची माणसं कापली. ही बातमी एल्वेला, म्हणजे आता डोरिआथचा राजा झालेल्या थिंगोलला, फार उशिरा कळली. त्यानं सैन्य नाही काढलं. नोल्दोरांची भाषा माझ्या मुलखात कुणी बोलायची नाही, एवढंच फर्मान! मला तर हा घाव तलवारीपेक्षा खोल वाटतो. मारणाऱ्यांच्या पोरांना घरात, बाजारात मेलेल्यांच्या भाऊबंदांची बोली बोलावी लागली.

मी सांगलीचा. हरिपूरच्या संगमावर बसलो, समोर वारणा कृष्णेला मिळताना दिसली, की १७३१ चा वारणेचा तह आठवतो. सातारा आणि कोल्हापूर, दोन चुलतभावांच्या गाद्या. शेवटी नदी हद्द धरून वाटणी झाली. एल्फांच्यात असा तह कुणी घडवलाच नाही. फेआनोरची पोरं थेट डोरिआथवर चालून गेली, तेव्हा थिंगोलच्या जागी त्याचा नातू दिओर होता.